पुएर नातुस : तालातून सुटका

यंदा नाताळच्या दिवसाच्या मिस्साला ग्रेगोरियन, म्हणजे चर्चच्या जुन्या लॅटिन गायनातलं प्रवेशगीत, 'पुएर नातुस एस्त नोबिस' ('आपल्यासाठी बाळ जन्मलंय'), म्हणायला फादरांनी होकार दिला. 'लॅटिन तर बंद झालं नं?' असं दोघातिघांनी विचारलंच. मी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६३ च्या उपासनाविषयक दस्तऐवजाचा ११६ वा परिच्छेद दाखवला. रोमन उपासनेत, बाकी सगळं सारखं असेल तर, ग्रेगोरियन गायनाला पहिलं स्थान द्यावं, असं त्यात लिहिलंय. विषय मिटला.

वाटलं होतं, उच्चारांत जीव जाईल. पण देवनागरीत लिहून दिल्यावर बायकांनी ते सहज उचलले. अडलं तालावर. आमची सगळी मंडळी भजनात वाढलेली. ओळ सुरू झाली की मांडीवर हात पडतोच. ढोलकवाले काका पहिल्याच तालमीत म्हणाले, "याले ताल कोणता गा?" कोणताच नाही म्हटल्यावर त्यांनी ढोलक बाजूला सरकवली आणि माझ्याकडं असं पाहिलं, की बस्स.

मग सूर बाजूला ठेवले. ओळ नुसती वाचायची, गोष्ट सांगतो तशी. 'इम्पेरियुम'मध्ये जोर 'पे'वर, 'वोकाबितुर'मध्ये 'का'वर. आपल्या तोंडात सगळी अक्षरं सारख्या वजनाची पडतात, म्हणून यातच बराच वेळ गेला. त्यानंतर तीच ओळ एका सुरावर, पंचमावर. गीत सातव्या मोडमधलं (मोड म्हणजे चर्चच्या गायनातला थाटच), म्हणजे शेवटचा सूर सा धरला तर निषाद कोमल, सरळ खमाज थाट; आणि या मोडमध्ये स्तोत्राच्या पठणाचा सूर पंचमच. त्यामुळे मधली 'कान्ताते दोमिनो' ही स्तोत्राची ओळ जवळपास फुकटात बसली.

चाल लागली तेव्हा खरी मजा आली. पहिल्याच शब्दात सा वरून थेट प! कापूस वेचून आलेल्या घशांना ही उडी संध्याकाळी जड जाते, म्हणून सा पांढरी एकवर आणलाय. चार रेघांची चौकोनी लिपी मी सरगममध्ये उतरवून भिंतीवर लावली, पण कुठं थांबायचं ते सरगम सांगत नाही. त्यासाठी १९७९ चं 'ग्रादुआले त्रिप्लेक्स' हे गायनाचं पुस्तक उघडं ठेवतो. चौकोनी सुरांच्या वर काळ्या शाईत फ्रान्समधल्या लाँच्या, खाली लाल शाईत स्वित्झर्लंडमधल्या सांक्ट गालनच्या जुन्या हस्तलिखितांतल्या खुणा. लाल 'त' (t) दिसला की रेंगाळायचं, 'च' (c) दिसला की पुढं निघायचं. फ्रान्समधल्या सोलेमच्या मठातल्या अभ्यासकांनी एवढं खोदून ठेवलंय, तर नुसत्या चौकोनांवर का भागवायचं?

पेटीचं मात्र माझं मत पक्कं झालंय. सूर न् सूर पेटीवर वाजवला की गळे पट्टीला चिकटतात आणि ओळीचे तुकडे पडतात. आता पेटीवर फक्त सा धरलेला असतो आणि भाता काकांकडं आहे. हे तानपुऱ्याचं वळण आपलं, रोमचं नाही; जाणकार नाक मुरडतील, मुरडू देत. सूर उतरत नाही, हे महत्त्वाचं.

'माग्नी'चा उच्चार 'मान्यी' करतोय, रोमन पद्धतीनं. 'आन्जेलुस'वरची शेवटची लड अजून दोघीच नीट घेतात, बाकीच्या मध्येच श्वास तोडतात. पुढच्या तालमीत तेवढीच एक ओळ घ्यायची आहे, अर्ध्या अर्ध्या गटांत, एकाचा श्वास संपेल तिथं दुसऱ्यानं उचलायचं.