कापसाच्या खोलीतला कॉम्प्युटर

रविवार, रात्री

आजीचं वर्षश्राद्ध जवळ आलं आणि घरात फोटोचा विषय परत निघाला. भिंतीवर जो लावलाय तो आधार कार्डावरून मोठा केलेला. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिबिर लागलं होतं, तेव्हाचा. डोळे अर्धे मिटलेले, पदर मागं ओढलेला, आणि चेहऱ्यावर ‘आता सोडा मले’ असा भाव. गेल्या साली स्टँडवर भावपूर्ण श्रद्धांजलीचं फ्लेक्स लागलं, त्यावरही हाच. आईला तो फोटो बघवत नाही. “आत्याबाई अशा नोहोत्या,” एवढंच म्हणते. आज जेवताना म्हणाली, “त्या कॉम्प्युटरमधी हायेत ना त्याइचे फोटो. काढ ना मंग.”

तो कॉम्प्युटर म्हणजे दादानं २००६ साली एमएस-सीआयटी करताना घेतलेला असेंबल्ड डबा. कापसाचा चुकारा हाती आला आणि त्यातले निम्मे पैसे यवतमाळच्या दुकानात गेले. काळी-पिवळीत मॉनिटर मांडीवर घेऊन आम्ही तो दारव्ह्याकडं आणला. पुढं पाच-सहा वर्षं घरातला प्रत्येक फोटो त्यातच गेला. आतेभाऊ पुण्याहून डिजिटल कॅमेरा घेऊन यायचा ते, दादाच्या मोबाईलच्या कार्डावरचे, लग्नाच्या सीडीवरचे. मग दादा नोकरीला नाशिकला गेला. एके दिवशी बटण दाबलं तर पंखा एक गिरकी घेऊन थांबला. तेव्हापासून तो कापसाच्या खोलीत पडून आहे.

बाबांचं मत ठरलेलं: “भंगारवाला आला का देऊन टाक.” तालुक्याच्या एका दुकानात तो एकदा दाखवून झाला होता. मदरबोर्ड गेला, पार्ट मिळत नाही, नवीनच घ्या. फोटोंचं विचारलं तर म्हणे त्यासाठी मोठ्या शहरात पाठवावं लागेल, आणि आकडा असा सांगितला की त्यात सोयाबीनच्या दोन फवारण्या झाल्या असत्या. मी गावात सेवा केंद्र चालवतो, पीक विम्याच्या दिवसांत माणसं दारात रांग लावतात, पण कॉम्प्युटर सुरू होणं आणि त्यातले फोटो निघणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे फार थोड्या लोकांना ठाऊक असतं. दुकानदारांनाही ते समजावून सांगण्यात फायदा नसतो. फोटोंना मदरबोर्ड लागत नाही, मॉनिटर लागत नाही. लागते ती फक्त हार्ड डिस्क, आणि ती आत शाबूत असू शकते.

म्हणून आज दुपारी डबा सपरीत आणून खोलला. कापूस भाव वाढेपर्यंत घरातच ठेवायची आमच्याकडं रीत, आणि हा त्या खोलीत. प्रोसेसरच्या पंख्याखाली जाळीवर रुई, धूळ आणि सरकीची बारीक टरफलं यांचा गोधडीसारखा जाड थर बसला होता. चिमटीत धरून ओढला तर अख्खा एका तुकड्यात निघाला. पॉवर सप्लायच्या मागच्या जाळीत कुंभारणीनं मातीचं घर बांधलेलं. मदरबोर्डवरचे कपॅसिटर, त्या उभ्या नळकांड्या, त्यातल्या चार-पाचांची डोकी फुगून वर आली होती आणि एकातून तपकिरी काहीतरी पाझरून वाळलं होतं. वर सपाट असायला हवं ते फुगलं की समजायचं, बोर्ड गेला. त्या काळात दिवसातून बारा-बारा तास लोडशेडिंग, वीज आली की कधी कमी कधी जास्त. एवढी वर्षं टिकला हेच पुष्कळ.

डिस्क चार स्क्रूंवर बसवलेली. मागं चाळीस पिनांची रुंद राखाडी पट्टी आणि चार तारांचा पांढरा प्लग. लेबलवर ८० जीबी. आज माझ्या खिशातल्या मोबाईलमध्ये त्याहून जास्त जागा आहे. वरून फडक्यानं पुसली, कागदात गुंडाळली, कपाटात ठेवली. बाबा बंगईवरून बघत होते. काही बोलले नाहीत.

सोमवार

आताच्या लॅपटॉपला ती चाळीस पिनांची पट्टी लागायची सोय नाही. कन्व्हर्टर ऑनलाईन मागवला. मुद्दाम वेगळ्या अडॅप्टरवाला घेतला, कारण या मोठ्या डिस्कच्या मोटरला बारा व्होल्ट लागतात आणि यूएसबीतून मिळतात पाच. दिवसभर पाऊस. केंद्रात कोणी फिरकलं नाही.

गुरुवार, उशिरा

डिलिव्हरीवाला नेहमीसारखा फाट्यावरच थांबला आणि “या घेऊन जा” म्हणाला.

वीज दिल्याबरोबर पहिलं काम कान लावायचं. डिस्कमधून एकसारखा सुंई आवाज आला तर बरं. टक-टक-टक असं ठोकायला लागली तर आतलं वाचणारं डोकं बिघडलंय, आणि मग चालू ठेवू तेवढा वेळ ती स्वतःलाच खरवडत बसते. तिथल्या तिथं वीज काढायची. आमचीनं सुंई केलं. मधून एखादं खरखर. मी आणि आई दोघंही डिस्ककडं वाकून ऐकत होतो. बाहेरून पाहणाऱ्याला काय वाटलं असेल कोण जाणे.

लॅपटॉपवर विंडोजनं लगेच विचारलं, डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करायची का? मदतीच्या सुरात विचारलेल्या या प्रश्नानं कित्येक घरांचे फोटो गेले असतील. ‘कॅन्सल’ दाबलं. मग पेनड्राइव्हवरून उबंटू सुरू केलं, विंडोजच्या जागी चालणारी फुकटची सिस्टीम. ते लॅपटॉपमध्ये न भरताही चालतं, आणि जुन्या खात्याच्या पासवर्डचा अडथळा तिथं येत नाही. दादाला आता तो पासवर्ड आठवणं शक्य नाही. आईच्या मते तो ‘सचिन’ असावा.

फोल्डर दिसले. कॉपी सुरू केली तर तिसऱ्याच फोल्डरवर अडकलं. खराब सेक्टर, म्हणजे डिस्कवरची वाचता न येणारी जागा. अशा वेळी एकेक फाईल ओढत बसायचं नसतं. आधी सगळ्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल काढायची आणि पुढची सगळी खटपट त्या नकलेवर करायची. डीडीरेस्क्यू नावाचा फुकटचा प्रोग्राम आहे. तो चांगली जागा आधी भरभर उचलतो, खराब जागा सोडून पुढं जातो आणि सगळं झाल्यावर त्या सोडलेल्या जागांकडं परत येतो. कुठवर आलो याची नोंद वेगळ्या फाईलमध्ये ठेवत जातो. हा बनवणारा माणूस आमच्या विजेच्या फिडरवर राहिलेला नसणार, पण गरज त्याला नेमकी कळली आहे. साडेदहाला वीज गेली, इन्व्हर्टरनं थोडा वेळ तग धरला, मग डिस्क बंद. वीज आल्यावर थांबलं होतं तिथूनच पुढं सुरू झालं. आता आकडे सरकताहेत. झोपतो.

शुक्रवार

पहाटेपर्यंत नक्कल झाली. अगदी थोडा भाग वाचता आला नाही, आणि नेमका त्यातच फोल्डरांच्या याद्यांचा काही भाग होता. म्हणून त्या नकलेवर फोटोरेक नावाचा दुसरा प्रोग्राम चालवला. हा फाईलचं नाव बघतच नाही. जेपीजी फोटोची सुरुवात ठरावीक खुणेनं होते, ती खूण शोधत तो सगळी डिस्क चाळतो आणि सापडेल ते उचलतो. डिलीट केलेलंही, त्यावर दुसरं काही लिहिलं गेलं नसेल तर. नावं मात्र जातात. ‘आजी’, ‘पोळा’, ‘ताईचं लग्न’ असं काही उरत नाही, नुसते एफपासून सुरू होणारे लांबलचक आकडे.

हजारांनी फायली. निम्म्या इंटरनेटवरची बटणं आणि जाहिराती. विंडोज एक्सपीचं ते हिरव्या टेकडीचं चित्रही त्यात होतं. आई म्हणाली, “हे कोनाचं वावर होय?” कॅलिफोर्नियातलं, १९९६ साली काढलेलं, असं सांगितलं. “तरीच,” म्हणाली. “धुरा नाई, काई नाई.”

खरी अडचण तारखांची. फोटोच्या आत कॅमेरा तारीख लिहून ठेवतो, पण आतेभावाच्या कॅमेऱ्याची बॅटरी उतरली की तारीख परत पहिल्या जानेवारीवर जायची. त्यामुळं पोळा एक जानेवारीला, आजीच्या पंच्याहत्तरीचं औक्षणही एक जानेवारीला. मी कपाळाला हात लावून बसलो होतो. आई लसूण सोलत शेजारी बसली आणि बघता बघता तिनं लावून दिलं. तिनं ना कपडे पाहिले ना माणसं. बैल पाहिले.

“हा ढवळ्या. याचं एक शिंग खाली हाये, पाह्य. हा कर्जमाफीच्या साली ईकला.” म्हणजे २००८ च्या आधीचा फोटो. त्या वर्षी पूर्ण माफी होती ती दोन हेक्टरपर्यंत, म्हणजे पाच एकर. आमचं कोरडवाहू सात एकर. उरलेले भरले तर थोडी सूट, आणि ते भरायला जोडी गेली. हे मला माहीत होतं, पण कोणता बैल कोणत्या महिन्यात कोणाला दिला हे आई फोटोकडं बघत सांगत गेली, तसं आधी कधी ऐकलं नव्हतं. “हे गोरे घरचे. याइले वखराले जुपलं नोहोतं अजून, म्हंजे त्याच्या पुढचा पोया.” मी फोल्डर बनवत गेलो. ‘ढवळ्या असताना’, ‘ढवळ्यानंतर’, ‘ट्रॅक्टर भाड्यानं लावला तेव्हा’. तारखेपेक्षा हे सोपं पडतंय.

बाबा मधूनच आले, एका फोटोवर बोट ठेवलं आणि “हा बांडा, हा लय मारकुटा होता” म्हणून गेले. भंगारवाल्याचं नाव त्यानंतर निघालं नाही.

रविवार

आजीचे फोटो सापडले. पुष्कळ आहेत, पण कोणीही तिचा म्हणून काढलेला एकही नाही. सगळीकडं ती कडेला. कुणाच्या तरी बारशात मागून परात नेताना. वांगे-रोडग्याच्या पंगतीत अर्धी. सगळ्यात चांगला आहे तो दारव्हा स्टेशनवरचा. मूर्तिजापूरला जाणाऱ्या शकुंतलेच्या खिडकीतून बाहेर वाकलेली, पदर दातात, आणि खदखदून हसतेय. ती नॅरोगेज गाडी आता बंद आहे. हा फोटो दादाच्या तेव्हाच्या मोबाईलवरचा, ६४० बाय ४८० पिक्सेल. नीट छापायचा तर दोन इंचाच्या वर जात नाही. मोठा केला की चेहऱ्याचे चौकोन होतात.

दादा फोनवर म्हणाला, आता एआयवाली ॲप आहेत, स्पष्ट करून देतात. करून पाहिलं. बाई सुंदर दिसते, दातही सरळ झाले, पण ती आमची आजी नाही. आईनं एकदा बघून मोबाईल परत दिला.

शेवटी तान्ह्या पोळ्याचा घेतला. ताईचा पोरगा लाकडी बैल घेऊन उभा आणि मागं आजी त्याच्या हातावर पैसे ठेवायला वाकलेली. कॅमेऱ्यावरचा आहे, २०४८ बाय १५३६. पोराला कापून फक्त आजी ठेवली तरी पोस्टकार्डाएवढी स्वच्छ निघते. स्टुडिओवाला म्हणाला, मागं निळं बॅकग्राऊंड टाकू आणि कपाळाचं कुंकू ठसठशीत करू. दोन्ही नको म्हणालो. मागचा कुडाचा कोपरा तसाच राहू द्या. फ्रेम लहान दिसेल, दिसू दे.

सगळ्याच्या तीन नकला केल्या. एक माझ्याकडं, एक ताईकडं, एक पेनड्राइव्ह दादाला. वेगवेगळ्या गावांत ठेवल्या, कारण एकाच घरात तीन ठेवल्या काय आणि एक ठेवली काय, घर गळलं की सारख्याच.

दादाचा पेनड्राइव्ह भरताना एक गोष्ट लक्षात आली. फोटोरेक डिलीट केलेलंही काढतो हे त्याला मी सांगितलं नव्हतं. कॉलेजच्या गॅदरिंगचे फोटो आहेत. दादा कुणाच्या तरी मोटारसायकलवर गॉगल लावून, केस पुढं ओढलेले, आणि शेजारी एक मुलगी जी आमच्या वहिनी नाहीत. आईनं विचारलं, “ही कोन?” म्हटलं, वर्गातली असेल. ते वेगळ्या फोल्डरमध्ये टाकून दादाला तेवढं कळवलं. पाच मिनिटांत त्यानं कन्व्हर्टरचे पैसे पाठवले, फ्रेमचेही, आणि वर पाचशे जास्त.