कडी

बुधवार, संध्याकाळ

घरातली आज सातवी रात्र. कडी लावायची की नाही, हे दुपारी चारपासून डोक्यात आहे. चार वाजता काही घडलं नाही. चहा घेत बसले होते, दाराकडे नजर गेली, वरची कडी लोंबत होती. एवढंच.

गुरुवारी मला दवाखान्यातून घरी आणून सोडल्यावर शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "रात्री कडी नका हं लावू. नुसतं लॅच ठेवा. आईंनी दिलेली किल्ली आहे माझ्याकडे. न जाणो, काही झालं तर..." आणि लगेच खिचडीकडे वळल्या, तांदूळ जास्त घालू की मूग. बोलणं साधंच, मीही हो म्हटलं. पण ते 'काही झालं तर' तेव्हापासून घरात मुक्कामाला आहे.

काही म्हणजे काय? पित्ताशय काढलंय. चार भोकं, मोठं बेंबीपाशी, तेही इंचभर नाही. लिव्हर पित्त करतच राहतं, दिवसाला अर्धा-एक लिटर. ते साठवायची पिशवी तेवढी गेली. तिच्यात मावायचं जेमतेम पन्नास मिलिलिटर. अकरा खडे निघाले, ते डबीत घालून हातात दिले. परवा कामाच्या बाईंनी ती डबी मसाल्याच्या फळीवर नेऊन ठेवली होती. वेळीच दिसली.

पहिले तीन दिवस पोटापेक्षा उजवा खांदाच दुखला. मी बाम चोळत बसले. त्या लहानशा डॉक्टरीणबाईंनी मग फोनवर समजावलं: दुर्बीण घालायला पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात, थोडा मागे राहतो, तो छातीखालच्या पडद्याला डिवचतो, आणि त्या पडद्याची नस मानेतून खाली येते, म्हणून वाटतं खांदाच दुखतोय. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

कडीचंही तसंच असेल. दुखतंय दुसरीकडेच कुठेतरी.

भरतीच्या फॉर्मवर 'रुग्णाशी नातं' असा रकाना होता. वहिनींनी 'शेजारी' लिहिलं आणि सही ठोकली. खिडकीतल्या मुलाने एकदा मान वर करून बघितलं. असो.

आईचं हेच ऑपरेशन 1988 साली झालं. दुर्बिणीतून पित्ताशय काढणं आपल्याकडे आलं 1990 मध्ये, डॉ. तेहेमतोन उदवाडियांनी जे. जे.मध्ये पहिलं केलं. आईचं दोन वर्षांनी हुकलं. बरगडीखाली वीतभर चीर, बारा दिवस दवाखाना. पण कॉटशेजारी चटईवर रोज कुणीतरी असायचंच. मी दहावीत होते, माझा नंबर शनिवारी. आईने कूस बदलली तरी दचकून उठायचे, आणि खरं सांगायचं तर फार कंटाळा यायचा. घरी आणल्यावर तर दाराला कडी लागायचीच नाही, येणारंजाणारं इतकं. आईच वैतागून ओरडायची, "अगं, दार लावून घ्या कुणीतरी!"

एकटी राहायला लागून नऊ वर्षं झाली. रोज रात्री कडी घातली, दिवस संपला. त्यात कधी काही वाटलं नाही. आता लॅच लागलेलंच असतं, पण मला दार सताड उघडं टाकून झोपल्यासारखं वाटतं. जिना वाजला की जाग. वरच्या मजल्यावरचा मुलगा शेवटच्या लोकलने येतो, हे या आठवड्यात कळलं. आणि कडी न घालता आत वळताना दर वेळी वाटतं, आपण रोज रात्री सही करून देतोय की आपल्याला...

जाऊ दे.

ताईला सांगितलंय, रात्री झोपायला बाई येते. ती फोनवर विचारते, "आली का गं बाई?" मी म्हणते, झोपली आतल्या खोलीत. हल्ली मला त्या बाईचा राग येतो. पैसे घेते आणि आठ वाजताच झोपते. काल ताई म्हणाली, जरा दे तिला फोन. ऐन वेळी मी तिला पीठ आणायला खाली पाठवलं.

दिवेलागण झाली. बादली पाऊणसुद्धा भरून उचलायची नाही, म्हणून तांब्याने पाणी नेते न्हाणीघरात. चार खेपा. चौथ्या खेपेला रडू आलं. पाण्याचं नव्हे, कडीचंच.

रात्री साडेदहा

पुन्हा वही उघडली. खोकताना, शिंकताना पोटाशी उशी धरा, असं सांगितलं होतं. हसण्याचं कुणी काही बोललं नव्हतं.

नऊला वहिनी डबा घेऊन आल्या. मला उठायला लागू नये म्हणून बेल न वाजवता किल्लीनेच उघडायला गेल्या. मी आत पडल्या पडल्या ऐकतेय, खुडबुड, खुडबुड. मग बाहेरून "अगं बाई!" भिंतीला धरत गेले, उघडलं. वहिनींच्या हातात आईची किल्ली, लाल दोरा बांधलेली. आणि माझी ट्यूब पेटली. ते लॅच मी 2021 मध्ये बदललं, पावसाने दार फुगलं म्हणून सुतार आला होता तेव्हा. नव्या तीन किल्ल्या. एक माझ्याकडे, एक ताईकडे नागपूरला, एक कपाटात 'नीट' ठेवलेली, म्हणजे गेलीच.

सहा रात्री! ज्या 'काही'साठी कडी काढून ठेवली, ते झालंच असतं तर वहिनी बाहेर, मी आत, आणि ताई सकाळी विदर्भ एक्स्प्रेसने कल्याणला उतरून किल्ली घेऊन येणार.

वहिनी दाराला टेकून हसत होत्या, मी उशी आवळून. चारही भोकं आपापल्या जागी ठणकली.

"मग आता हो?"

"आता काय, बेल वाजवत जा."

त्यांच्याकडे आज आखाड तळला होता. तिखटमिठाच्या पुऱ्यांचा वास अंगाला येत होता, आणि माझ्या डब्यात बिनतुपाची खिचडी. म्हटलं, एक पुरी तरी आणायची. तर म्हणतात, "आणि काही झालं तर?"

आता ताईकडून ती किल्ली मागवायची तर ती विचारणार, का गं, बाईकडे नाहीये का एक? बाईला बहुतेक कामावरून काढावं लागणार.

कडी घातली मघाशी. हात वर नेताना खांदा दुखला नाही, हे नंतर लक्षात आलं. आणि दुधाची पिशवी बाहेर अडकवायची राहिलीय, हेही. परत काढणं आलं.