वाशांचं टेबल

निसर्ग वादळाने 3 जून 2020 ला आमच्या दापोली तालुक्यातल्या घराचं अर्धं छप्पर उचललं. कौलं अंगणात, नारळ गोठ्यावर. पुढच्या वर्षी भावाने लोखंडी पाइप आणि पत्रे टाकून घेतले आणि उतरवलेलं लाकूड मागच्या पडवीत रचून ठेवलं. तेव्हापासून त्यातलं थोडंथोडं न्हाणीच्या चुलीत जात होतं. गेल्या मे महिन्यात मी माहेरी गेले, तेव्हा वहिनी एक वासा फोडत बसली होती. वरून काळाकुट्ट, आतून तांबूस सोनेरी साग. नव्या सागाला येतो तो चामड्यासारखा तेलकट वास इतक्या वर्षांनीही येत होता. "अगं, हा ठेव," मी म्हटलं. तिने ठेवला. मग पाणी कशावर तापवू, हेही विचारलं.

आईला आता पाटावर बसवत नाही, म्हणून जेवणाचं टेबल हवंच होतं. लाकूड ठाण्याला न्यायचा विचार मी लगेच सोडला. सागवान हलवायचं म्हणजे वनखात्याच्या परवान्याचा प्रश्न, आणि टेबल हवं होतं ते गावातच. त्या रात्री वहीत सहा फूट बाय तीन फुटांचं चित्र काढलं. पुढे त्या चित्रातलं एकही माप टिकलं नाही.

ढिगाऱ्यातलं निम्मं लाकूड कामाचं नव्हतं. गावातले सुतारकाका आले, हातोडीच्या दांड्याने एकेक वासा ठोकत गेले. खणखणीत वाजला तर उजवीकडे, बद्द वाजला तर डावीकडे. मी डावीकडचा एक वासा उचलायला गेले, तर तो हाताला नको इतका हलका लागला. आत भुंग्याने पोखरून पीठ केलेलं. सागाचा गाभा वाळवीला आणि भुंग्याला सहसा दाद देत नाही, पण बाहेरचं पांढरट लाकूड मात्र ते आवडीने खातात. म्हणून टोकं आणि कडा आधी तपासायच्या. वाशांची भिंतीत बसलेली टोकंही बहुतेक कुजलेली होती. प्रत्येकाचं फूट-दीड फूट तिथेच गेलं, आणि सहा फुटांचं टेबल साडेचार फुटांवर आलं. माळ्याच्या चार फळ्या फणसाच्या निघाल्या, नऊ इंच रुंद. काका म्हणाले, "वर ह्या घ्या ताई, पाय नि चौकट सागाची." इतक्या रुंद फळ्या बाजारात मागून मिळाल्या नसत्या.

मग खिळे. जुन्या लाकडाच्या कामाचे फोटो लोक टाकतात, त्यात खिळे काढताना कोणी दिसत नाही. माझे साडेतीन दिवस त्यातच गेले. मी मोजले, 311 निघाले. त्यातले बरेच लोहाराने घडवलेले, चौकोनी. लोखंड आणि सागातलं टॅनिन हे तुरट द्रव्य यांची गाठ पडली की भोवतीचं लाकूड शाईसारखं काळं होतं, त्यामुळे निदान खिळा कुठे आहे ते डागावरून कळतं. पकडीने ओढलं की डोकं तुटून हातात येतं, धड आतच राहतं. मग एकच उपाय: खिळ्याच्या कडेने बारीक ड्रिलने तीन-चार भोकं पाडायची, लाकूड मोकळं करायचं, धड काढायचं आणि नंतर त्या भोकात सागाचीच खुंटी ठोकायची. पहिल्या दिवशी मी पहारेने जोर लावला आणि एका चांगल्या वाशाचं टोक फाडून ठेवलं. काका काही बोलले नाहीत, नुसते बघत राहिले. ते जास्त लागलं.

सगळे निघाले असं वाटल्यावर भाच्याने बिघडलेल्या स्पीकरचं लोहचुंबक आणलं आणि आम्ही ते दोरीला बांधून लाकडावरून फिरवलं. आणखी सात सापडले. हे केलं ते बरं झालं, कारण कटाईच्या गिरणीवाल्याने सरळ सांगितलं, "खिळा लागला तर पात्याचे पैसे तुमचे."

त्याने हिशेब घनफुटात केला, तोही एकदा शिकून घेण्यासारखा आहे. लांबी फुटात, रुंदी आणि जाडी इंचात, तिघांचा गुणाकार करून 144 ने भागायचं. दहा फुटांचा चार बाय तीनचा वासा म्हणजे 0.83 घनफूट. शेजारच्या वखारीत नव्या सागाचा भाव विचारला होता, 3,800 रुपये घनफूट. त्या हिशेबाने वहिनीच्या चुलीत काय काय गेलं, ते मी तिला सांगितलं नाही.

रंधा मारायला लागल्यावर मला शिंका आणि हातांना खाज सुरू झाली. सागाच्या भुशाने अनेकांना होते, त्यामुळे मास्क आणि पूर्ण बाह्यांचा सदरा घालून काम केलं. एका दाराच्या चौकटीवर मात्र जुना हिरवा ऑइलपेंट होता. घरगुती रंगातल्या शिशावर आपल्याकडे कडक मर्यादा लागू झाली ती नोव्हेंबर 2017 पासून. त्याआधीच्या रंगात काय असेल याची खात्री नाही, म्हणून तो कोरडा घासला नाही. रंग काढायचं रसायन लावलं, पत्रीने खरवडला, खाली प्लास्टिक पसरून सगळा कचरा गोळा केला.

पायांचे आणि चौकटीचे सांधे काकांनी केले, खाच आणि कूस, म्हणजे एका लाकडाचं कोरलेलं टोक दुसऱ्याच्या खाचेत बसवलेलं, स्क्रू एकही नाही. मला पटाशी धरायला दिली ती चौथ्या पायाला. त्या सांध्यात अजून पोस्टकार्ड जाईल एवढी फट आहे.

काका दुसऱ्या कामावर गेले. जाताना म्हणाले, "फळीला फुगायला जागा ठेवा." माझी रजा संपत आली होती. तीन फळ्या सरसाने जोडल्या, खालून चौकटीला गच्च स्क्रू मारले. दिसायला सुंदर. जुनं लाकूड आहे, इतकी वर्षं वाळलंय, आता कुठे हलणार, असा माझा समज.

दापोलीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जुलैत भावाने फोटो पाठवला: मधली फळी होडीसारखी उचललेली, एका स्क्रूपाशी लांब चीर. लाकूड कितीही जुनं असलं तरी दमट हवेत फुगतं, तेही लांबीत जवळजवळ नाहीच, रुंदीत. नंतर मी मोजलं, 27 इंचांत दोन सूत, म्हणजे पाव इंच. कडेने स्क्रूंनी डांबून ठेवलेल्या फळ्यांना वर उचलण्यावाचून वाट नव्हती.

दिवाळीत जाऊन सगळं उकललं. फळ्या परत सुकून बऱ्यापैकी सपाट झाल्या होत्या, चीर सरस भरून आवळली. चौकटीत स्क्रूसाठी गोल भोकांऐवजी रुंदीच्या दिशेने लांबट भोकं पाडली आणि वॉशर घालून स्क्रू जरा सैल ठेवले. वरून काहीच दिसत नाही. हे मे महिन्यात अर्ध्या तासाचं काम होतं.

वर जवसाच्या उकळलेल्या तेलाचे तीन हात दिले. त्याच्या चिंध्या चुरगाळून टाकू नका, आपोआप तापून पेट घेतात. मी त्या अंगणात पसरून वाळवल्या. पायांच्या तळाला वाळवीसाठी काजूच्या टरफलाचं तेल लावलं, हातमोजे घालून, कारण ते कातडी भाजतं.

काकांचे सहा दिवस, कटाई, सरस, तेल, पॉलिशपेपर मिळून 11,400 रुपये लागले. माझे दिवस धरले तर विकतचं टेबल नक्की स्वस्त पडलं असतं. आई त्यावर जेवते आणि खिळ्यांच्या काळ्या डागांवर रोज ओलं फडकं घासते, ते निघतील म्हणून. उरलेले पाच वासे मी पडवीतून उचलून खाटेखाली सरकवून ठेवलेत. वहिनीला सांगितलंय, त्यांचा बाक करायचाय.