जिप्सीचं ब्रेक ऑइल जातं कुठे?

ऑगस्टमधल्या एका रविवारी ठाण्यात येऊरच्या डोंगरावरून उपवनला उतरताना पहिल्याच वळणावर ब्रेकवर पाय ठेवला आणि पेडल दगडासारखं लागलं. सीटवरून अर्धा उठून पेडलवर अक्षरशः उभा राहिलो तेव्हा कुठे गाडी थांबली. उरलेला उतार पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये काढला, मागच्या बाइकवाल्यांच्या शिव्या खात.

गाडी बाबांनी घेतलेली, २००३ ची मारुती जिप्सी. पेट्रोल, एमएच ०४. तशी तक्रार अधूनमधून सुरू होतीच. सिग्नलला ब्रेक दाबून उभं राहिलं की पायाशी फुस्स असा आवाज यायचा आणि इंजिन गचके खायचं. जवळच्या एका गॅरेजमध्ये दाखवली. त्यांनी पुढचे पॅड, मागचे लायनर बदलले, साडेचार हजार घेतले आणि "लायनर बसायला वेळ लागतो" म्हणून पाठवलं. जाता जाता, "ऑइल कमी होतं, टॉप-अप केलंय."

त्या ऑइलकडे तेव्हाच लक्ष द्यायला हवं होतं. त्याआधी दोनदा मीच भरलं होतं. पार्किंगमध्ये एक थेंब नाही, चाकं आतून कोरडी, मग ऑइल जातं कुठे?

एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले एक काका कळव्याला राहतात, बाबांच्या ओळखीचे. त्यांना फोन केला. लायनरचं ऐकून म्हणाले, "पाय दुखतोय म्हणून चप्पल बदलतोस होय रे? बूस्टर बघितलास का?"

पेडल दाबलं की ब्रेक ऑइल नळ्यांतून चाकांकडे ढकलतो तो मास्टर सिलेंडर. बूस्टर म्हणजे त्याच्या मागचा तो काळा पत्र्याचा डबा. आत रबराचा पडदा असतो. एरवी त्याच्या दोन्ही बाजूंना इंजिनची ओढ, म्हणजे व्हॅक्यूम, असते. ब्रेक दाबला की पायाकडच्या बाजूला बाहेरची हवा शिरते आणि पडदा पुढे ढकलला जातो. पडदा आठ इंची धरला तर क्षेत्रफळ सव्वातीनशे चौरस सेंटीमीटरच्या आसपास. दर चौरस सेंटीमीटरला अर्धा किलोचा फरक धरला तरी दीडशे किलोच्या वर जोर फुकटात मिळतो. पडदा फाटला की तो जोर तुमच्या मांडीतून जातो.

काकांनी फोनवरच परीक्षा घेतली. इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा मारायचं, मग पाय दाबूनच ठेवायचा आणि स्टार्टर मारायचा. बूस्टर चांगला असेल तर पेडल पायाखाली किंचित बसतं. माझं हललंसुद्धा नाही. मग व्हॅक्यूमचा पाइप काढून तोंडाशी अंगठा धरला, ओढ जबरदस्त. पाइपमधला एकतर्फी व्हॉल्व्ह फुंकून पाहिला, इंजिनच्या बाजूने बंद, बूस्टरच्या बाजूने मोकळा, म्हणजे ठीक. राहिला बूस्टर.

जिप्सी बंद होऊन काही वर्षं झाली, म्हणून आधी कुर्ल्याला सीएसटी रोडवर जुना माल बघायला गेलो. तिथे बूस्टर रचून ठेवलेले, एक तर निम्म्याहून कमी भावात मिळत होता. काकांना फोन लावला. "जुना घ्यायचा तर लोखंड घ्यावं, रबर घेऊ नये." परत आलो. ठाण्यातल्या स्पेअरवाल्याने नवा मागवून दिला, आठ दिवस लागले. काकांच्या सांगण्यावरून मास्टर सिलेंडरही नवा घेतला. तो कशाला, हे तेव्हा कळलं नव्हतं.

काम सोसायटीच्या पार्किंगमध्ये. सेक्रेटरींना "तासाभरात होईल" सांगितलं होतं, दोन रविवार गेले. बूस्टर चार नटांवर बसलेला, आणि ते नट पेडलच्या वर, आतल्या बाजूला. म्हणजे डोकं पेडलपाशी, पाय दाराबाहेर, टॉर्च दातात. तीन नट गोटी पान्याने निघाले. चौथ्यासाठी पाऊण तास आणि कोपराची साल गेली. पेडलच्या पिनची कॉटर पिन गंजून तुटली, ती नवीनच टाकायची असते. ब्रेकच्या नळ्यांचे नट मात्र साध्या पान्याने खोलू नका, कोपरे गोल होतात. काकांनी जुन्या रिंग पान्याला ग्राइंडरने खाच पाडून दिली होती, ती नळीवरून सरकवली की पाना नटावर चारी बाजूंनी बसतो.

मास्टर बाजूला केला तेव्हा बूस्टरच्या तोंडाखालचा रंग फोड येऊन सुटलेला दिसला. कित्येक महिने मी त्याला गंज समजत होतो. ब्रेक ऑइल रंग खातं. डबा काढून बादलीवर उलटा केला तर आतून चहाच्या रंगाचं, वास मारणारं ऑइल आलं, चांगलं अर्धा कप. मास्टरचं मागचं सील गळत होतं आणि ऑइल जमिनीवर न पडता बूस्टरच्या पोटात जात होतं. पडदा त्यातच भिजून गेला होता. काका फोनवर म्हणाले, "रोग मास्टरचा, मेला बूस्टर." नुसता बूस्टर बदलला असता तर नवाही तसाच गेला असता.

नवा जोडून ब्रेकच्या नळ्यांत शिरलेली एअर काढायला बाबांना पेडलवर बसवलं. मी मागच्या डाव्या चाकाशी, निपलला पारदर्शक नळी लावून. "बाबा, दाबा! धरा... धरा... सोडा!" बुडबुडे संपेपर्यंत हाच पाढा, चारही चाकांना. बाबांना हुकूम सोडायची संधी मला आयुष्यात पहिल्यांदाच मिळाली. "जेवायला कधी सोडणार?" एवढंच त्यांनी विचारलं.

इंजिन सुरू केल्यावर पेडल लोण्यासारखं बसलं. उत्साहात घोडबंदर रोडला लागलो. मानपाड्यापर्यंत मजेत. पुढे गाडी ओढायला जड वाटू लागली, पेडल वर वर येत कडक झालं आणि गायमुखच्या अलीकडे जळका वास. कडेला घेऊन चाकावर पाणी टाकलं तर चर्र झालं.

काकांना फोन लावला. म्हणाले, "मास्टरचे दोन नट एक-एक आटा सैल कर." केले. चाकं मोकळी झाली. "म्हणजे रॉड लांब पडतोय. नव्याचा रॉड जुन्याशी लावून बघ म्हणालो होतो ना?" म्हणाले होते, मीच विसरलो होतो. बूस्टरचा रॉड मास्टरच्या पिस्टनला सतत जरासा दाबत राहिला की ऑइल टाकीत परत जायची वाट बंद होते. मग ऑइल तापतं, फुगतं आणि ब्रेक आपोआप लागत जातात. ब्रेकचा जुगार नको म्हणून टोइंगवाल्याला बोलावलं. त्या ट्रॅफिकमधून त्याला पोचायला दोन तास लागले.

दुसऱ्या रविवारी भाचीच्या डब्यातली हिरवी क्ले चिमूटभर घेऊन रॉडच्या टोकाला लावली, मास्टर बसवून घट्ट केला, परत काढला. क्लेला आरपार भोक. म्हणजे फट शून्य, रॉड थेट पिस्टनला टेकलेला. रॉडचं टोक थोडं आत फिरवलं, पुन्हा क्ले, पुन्हा मास्टर. चौथ्या खेपेला टोकावर कागदाएवढा हिरवा पापुद्रा शिल्लक राहिला. एवढीच फट हवी होती. परत एअर काढली. बाबा या वेळी जेवूनच आले होते.

ऑइलच्या टाकीवर मार्करने रेघ मारून ठेवली. दिवाळीपर्यंत दर रविवारी बघितलं, पातळी रेघेवरच. मग येऊरला गेलो. उतरताना बाबांनी किल्ली मागून घेतली, पहिल्या वळणाच्या बरंच आधी ब्रेक दाबला, आणि गाडी इतकी पटकन थांबली की डॅशबोर्डवरचे शेंगदाणे माझ्या मांडीवर सांडले.