पांझरेच्या बंधाऱ्याचं मॉडेल : पाणी ओतून झालं, आता धार

मंडळी, साक्रीकडच्या फड बंधाऱ्याचं (पांझरा नदीचं पाणी अडवून पाटानं शेताकडे वळवणारा बंधारा) एचओ स्केलचं, म्हणजे १:८७ चं मॉडेल चालूये ना, त्यात पाणी, म्हणजे ओतल्यावर घट्ट होणारं पारदर्शक रेझिन, पडलं एकदाचं!

माझं पक्कं मत झालंय की पाण्याचा रंग रेझिनमधून नाही, तळातून येतो. म्हणून सगळा जीव तळ रंगवण्यात ओतला, बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला मधोमध गडद हिरवट, काठाकडे मातकट होत जाणारा, आणि अगदी कडेला पांझरेचीच चाळलेली वाळू. रेझिन क्लियरच ठेवलं, फक्त खालच्या थरात टूथपिकच्या टोकावर मावेल एवढा बर्न्ट अंबर (गडद तपकिरी रंग). वरून बघितलं की मधे डोह वाटतो, खरं तर खोली सगळीकडे सारखीच आहे.

ओतलं पहाटे. रेझिन-हार्डनर मिसळलं की ते स्वतःच तापतं, त्यात आपल्या धुळ्याचा मे महिना, कपात जरा जास्त वेळ ठेवलं तर तिथंच घट्ट होतं, म्हणून वजनकाट्यावर मोजून थोडं थोडं मिसळायचं आणि लगेच पसरायचं, ३ मिमीच्या वर थर नको. पावसाळ्यात उलट, हवेतल्या ओलाव्यानं वर चिकट पांढुरकी साय येऊ शकते, त्यापेक्षा ऊन परवडलं. आणि बेस थर्माकोलचा असेल तर पॉलिस्टर रेझिन अजिबात नको, त्यातलं स्टायरीन थर्माकोल खाऊन टाकतं, एपॉक्सीच घ्या.

आता लाटा. १:८७ मधे खरी १० सेंमीची लाट जेमतेम १ मिमी होते, लोक बोटाएवढे उंचवटे काढतात आणि नदीचा समुद्र होतो राव. मी ग्लॉस जेल (वाळल्यावर पारदर्शक, चकचकीत होणारं घट्ट अॅक्रिलिक जेल) चपट्या ब्रशनं नुसतं टोचत गेलो, तेही बंधाऱ्याच्या खालच्या अंगालाच, वर पाणी तुंबलेलं असतं तिथं आरसाच पाहिजे.

सांडव्यावरच्या धारेसाठी ओएचपी शीटवर (पारदर्शक प्लास्टिकचा कागद) जेलच्या उभ्या रेघा ओढून वाळत ठेवल्यात, दुधी रंग जाऊन काचेसारख्या झाल्या की सोलून बंधाऱ्याच्या माथ्यावर चिकटवायच्या, पायथ्याशी पांढऱ्याचा ड्राय ब्रश (जवळजवळ कोरड्या ब्रशनं हलका हात), तो पण धार आपटते तेवढ्याच जागी. त्यानंतर पाटाचं तोंड, तिथं पाणी अरुंद होऊन वेग घेतं, ते जमलं पाहिजे. कुणाकडं बंधाऱ्यावरून पाणी पडतानाचे जवळून काढलेले फोटो असतील तर टाका ना, पायथ्याचा फेस नीट बघायचाय.