सिस्टरची वही

मोबाइलवरून चालणाऱ्या आरोग्य उपक्रमांचं मूल्यमापन हे माझं काम. संदेश पाठवणारे वेगळे असतात. त्या संदेशांनी खरंच फरक पडला का, ते मी तपासते. एका प्रायोगिक उपक्रमाच्या शेवटच्या तपासणीचा दिवस अजून मनातून जात नाही.

टीबीच्या रुग्णांसाठी तो उपक्रम होता. उपचार सहसा सहा महिन्यांचे, पण थोडं बरं वाटलं की गोळ्या सुटतात. म्हणून दर आठवड्याला एक संदेश जायचा: कसे आहात? रुग्णानं १ म्हणजे बरा, २ म्हणजे अडचण, असं उत्तर द्यायचं. गोळ्या पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण चांगलं वाढलं होतं आणि विस्ताराचा प्रस्ताव तयार होता. त्यात खर्च वाचवायला एक बदल केला होता: संदेश जाईल, उत्तराची सोय नसेल.

त्या दिवशी मी केंद्रावर नोंदी पडताळत होते. संगणकात प्रत्येक अडचणीपुढे फक्त 'निकाली' अशी खूण. निकाली म्हणजे नेमकं काय केलं, असं विचारल्यावर सिस्टरनी खणातून एक वही काढली. "मॅडम, तिथं खूणच करता येते. बाकीचं कुठं लिहू?"

पानोपान त्यांचं बारीक अक्षर. 'भावाचा फोन, संध्याकाळी सहानंतरच करणे.' 'गोळीनं मळमळते, जेवून घ्यायला सांगितलं.' 'वाचता येत नाही, मुलगी वाचून दाखवते. ती परगावी गेली.' ज्यांचं उत्तरच आलं नाही, त्यांनाही त्या फोन करायच्या. स्वतःच्या मोबाइलवरून, स्वतःच्या रिचार्जवर. माझ्या तक्त्यात मात्र दोनच रकाने होते: संदेश मिळालेले आणि न मिळालेले. वर्षभर मी त्यांच्या कष्टाचं श्रेय सॉफ्टवेअरच्या नावावर मांडत होते, याची मला फार लाज वाटली.

बैठकीत वरिष्ठ म्हणाले, "संदेश तोच आहे ना? मग परिणामही तोच येईल." हे वाक्य मी इतक्या ठिकाणी ऐकलंय की आता संताप येतो. मी केनियातल्या चाचणीचं उदाहरण दिलं. 2010 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेली, एचआयव्हीच्या 538 रुग्णांवरची. दर आठवड्याला 'माम्बो?' म्हणजे कसं काय, एवढाच संदेश. 'शिदा', म्हणजे अडचण, असं उत्तर आलं किंवा 48 तासांत काहीच आलं नाही, की दवाखान्यातून फोन जायचा. औषधं नीट घेणारे 62 टक्के, संदेश नसलेल्या गटात 50. आपण हाच पुरावा पुढे करतो आणि त्यातला फोन करणारा माणूस काढून टाकतो, हे मला पटत नाही.

कुणीतरी ब्रिटनमधल्या धूम्रपान सोडवणाऱ्या चाचणीची आठवण करून दिली. मुद्दा रास्त होता. तिथं संदेश यंत्रच पाठवायचं, 5,800 जण होते आणि सहा महिन्यांनी सिगारेट सुटलेले, सोडायला मदत करणारे संदेश मिळालेल्यांत 10.7 टक्के, तर दुसऱ्या गटात 4.9 टक्के निघाले. पण ती माणसं सोडायच्या तयारीनंच आली होती, आणि तलफ आली तर त्यांनाही उलट संदेश पाठवून लगेच मदत मागता यायची. आमच्या नव्या आराखड्यात तेवढीही सोय नव्हती.

हा पुरावा फोन करणाऱ्या सिस्टरसकटच्या पद्धतीचा आहे, तिच्याशिवायच्या पद्धतीची चाचणी झालेली नाही, असं मी अहवालाच्या पहिल्याच पानावर लिहिलं. छापून आला तेव्हा ते वाक्य परिशिष्टात होतं.

परवा सिस्टरचा फोन आला. फोनच्या खर्चासाठी तरतूद झाली का, एवढंच विचारत होत्या. झालेली नाही. नवीन वही त्यांनी सुरू केली आहे.