तोंडापेक्षा डोळ्याची काळजी जास्त

आदल्या रात्री उजव्या कानामागे ठणकत होतं, एवढंच. सकाळी चूळ भरली तर पाणी ओठाच्या कोपऱ्यातून थेट गळ्यावर. आरशात बघते तर तोंड डावीकडे ओढलेलं आणि उजवा डोळा मिटतच नाही. सासूबाई म्हणाल्या, "अगं, वारं गेलं तोंडावरून!" नवऱ्याने वाद न घालता १०८ ला फोन लावला. बरोबरच केलं. लकवा आहे की आणखी काही, हे घरी बसून ठरवायचं नसतं.

कॅज्युअल्टीत डॉक्टरांनी आधी हात वर धरायला लावले, बोलायला लावलं. मग म्हणाले, "कपाळाला आठ्या घाला." डावीकडे पडल्या, उजवीकडे कपाळ गुळगुळीत. कपाळाला मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून हुकूम येतात, त्यामुळे स्ट्रोकमध्ये ते बहुतेकदा हलतं. चेहऱ्याची नसच सुजली की चेहऱ्याची ती अख्खी बाजू लुळी पडते. कानात पुरळ नाही ना, हेही पाहिलं, कारण नागिणीनेही असं होतं. निदान झालं बेल्स पाल्सी. कानामागच्या हाडातल्या अरुंद बोगद्यातून जाणारी चेहऱ्याची नस सुजून दबते. जिभेच्या पुढच्या भागाची चवही तिच्याच वाटेने जाते, म्हणून आमटी अळणी लागायची. आणि कुकरची शिट्टी कानात घुसायची, कारण मोठा आवाज सौम्य करणारा कानातला इवलासा स्नायूही याच नसेवर चालतो.

स्टेरॉइडच्या गोळ्या ७२ तासांच्या आत सुरू व्हाव्या लागतात. मला डायबेटिस, साखर चढणार हे आधीच सांगितलं होतं, तशी ती चढलीही. रोज बोट टोचून आकडे कळवायचे, त्याप्रमाणे डॉक्टर मधुमेहाचं औषध वाढवायचे.

येणारे-जाणारे सगळे तोंडाकडे बघत. कुणी जायफळ उगाळून लावायला सांगे, कुणी तेल. डॉक्टरांचा मात्र एकच धोशा: डोळा! पापणी मिटत नाही म्हणजे बुबुळ कोरडं पडतं, जखम होऊ शकते. दिवसभर थेंब, रात्री मलम, मग बोटाने पापणी हलकेच खाली ओढून, पूर्ण मिटल्याची खात्री करून वर कागदी चिकटपट्टी. पट्टीखाली डोळा उघडा राहिला तर पट्टीच बुबुळाला घासते. हे नवऱ्याला शिकवायला वेळ लागला. लोकलमध्ये पंख्याखाली उभं राहायचं नाही आणि मेट्रोच्या कामाजवळून गॉगलशिवाय जायचं नाही. ट्रेनमध्ये गॉगल घातलेली बाई म्हणून लोक बघायचे, बघू देत.

फिजिओथेरपिस्टने आरशासमोर हळूहळू व्यायाम करायला लावले. जोर लावून तोंड वेडंवाकडं करायचं नाही, अशी ताकीद होती.

तिसऱ्या आठवड्यात नाकपुडी किंचित फुगली, मग ओठाचा कोपरा. आता जेवताना घास गालात अडकत नाही. फक्त खळखळून हसले की उजवा डोळा बारीक होतो. नस पुन्हा जुळताना असं होऊ शकतं म्हणे. काही महिन्यांनंतरही काहीच हललं नसतं तर एमआरआय करणार होते. तशी वेळ आली नाही. ऑफिसातली मैत्रीण मात्र अजून म्हणते, "एकदा एमआरआय काढूनच घे."